ध्वनिक्षेपक, जुने घरगुती

घरात संगीत ऐकण्यासाठी साधारणतः १९४५ ते १९९० या काळात तयार झालेले आणि आजही वापरात, संग्रहात वा पुनर्विक्रीत आढळणारे ध्वनिक्षेपक. विद्युत् संदेशाचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या या साधनाचे मूलतत्त्व गेल्या शंभर वर्षांत फारसे बदललेले नाही. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये वर्णन केलेली रचनाच बहुतेक ध्वनिक्षेपकांत आढळते. चुंबकाच्या अरुंद वर्तुळाकार फटीत तारेचे हलके वेटोळे तरते ठेवलेले असते. विवर्धकाकडून येणारा प्रत्यावर्ती प्रवाह त्यातून वाहू लागला की वेटोळे मागेपुढे हलते आणि त्याला चिकटविलेला शंकू हवेत कंप निर्माण करतो. त्यामुळे साठ वर्षांपूर्वीचा उत्तम ध्वनिक्षेपक आजच्या विवर्धकाला दोन तारांनी जोडता येतो व त्याच्याकडून समाधानकारक काम मिळू शकते. इतर जुन्या इलेक्ट्रॉनीय उपकरणांच्या बाबतीत असे क्वचितच घडते. जुन्या ध्वनिक्षेपकांचा बाजार टिकून राहण्याचे हे मुख्य कारण होय. मात्र तत्त्व टिकले तरी द्रव्ये टिकत नाहीत आणि या बाजारातील बहुतेक फसगती याच एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

प्रमुख प्रकार : अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ च्या सुमारास खोलीच्या कोपऱ्यात ठेवावयाचा कर्ण्याच्या रचनेचा मोठा ध्वनिक्षेपक बाजारात आणला. खोलीच्या दोन भिंती हाच त्याच्या कर्ण्याचा शेवटचा भाग असतो. म्हणून ज्या खोलीत मोकळे कोपरे नाहीत तेथे तो घेण्यात अर्थ नसतो. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये याच्या उलट दिशेने विचार केला. त्यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या एआर-१ या ध्वनिक्षेपकात हवाबंद पेटीतील हवाच स्प्रिंगसारखी वापरून शंकूचा यांत्रिक आधार अगदी सैल ठेवला होता. परिणामी पुस्तकांच्या कपाटात मावेल अशा पेटीतून खोल मंद्र स्वर मिळू लागले. उच्च व मध्यम कंप्रतांसाठी घुमटाकार पटले असलेला एआर-३ हा त्याचा पुढील अवतार १९५८ मध्ये आला. इंग्लंडमध्ये टॅनॉय कंपनीने १९४७ पासून एकाच अक्षावर दोन घटक बसविलेले ध्वनिक्षेपक केले. पीटर वॉकर यांचा क्वाड ईएसएल हा स्थिरविद्युत् प्रकारचा ध्वनिक्षेपक १९५७ ते १९८५ या काळात विकला गेला. त्यात शंकू, वेटोळे वा चुंबक नसून विद्युत् भारित अतिशय पातळ प्लॅस्टिक पटल दोन सच्छिद्र विद्युत् अग्रांमध्ये कंप पावते. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांतील देखरेखीसाठी १९७० नंतरच्या काही वर्षांत एलएस३/५ए हा सु. ५ लिटर पेटीचा छोटा ध्वनिक्षेपक विकसित केला व तो बनविण्याचे परवाने रॉजर्स, स्पेंडॉर इ. कंपन्यांना दिले. त्यातील दोन्ही घटक केइएफ कंपनीचे होते.

या सर्वांना ‘जुने व चांगले’ या एकाच सदरात घालणे योग्य नाही. एलएस३/५ए ची संवेदनक्षमता क्लिप्श यांच्या ध्वनिक्षेपकापेक्षा सु. वीस डेसिबेलने कमी आहे. याचा अर्थ असा की, एकाच उंचीचा आवाज मिळविण्यास पहिल्याला दुसऱ्याच्या जवळजवळ शंभरपट विद्युत् शक्ती लागते. जुन्या निर्वात नलिकांच्या विवर्धकाला कोणता ध्वनिक्षेपक मानवेल, हे किंमत विचारण्यापूर्वीच ठरविणे इष्ट असते.

ऱ्हासाची कारणे : सर्वांत प्रथम नष्ट होते ती शंकूची बाहेरची कड. शंकू ज्या लवचिक वळीने चौकटीला जोडलेला असतो, ती वळी सुरुवातीस रसायन लावलेल्या कापडाची असे. सत्तरीच्या दशकात अनेक उत्पादकांनी तिच्या जागी पॉलियुरेथेनाचा फेस वापरण्यास सुरुवात केली. फेस हलका व स्वस्त असून त्याची लवचिकता एकसारखी असते. परंतु पॉलिएस्टर जातीच्या फेसाचे हवेतील बाष्पामुळे जलीय विच्छेदन होते. उष्णता व सूर्यप्रकाश यांनी ही क्रिया वेग घेते आणि दहा ते वीस वर्षांत वळी प्रथम चिकट व नंतर भुसभुशीत होऊन बोट लावताच गळून पडते. एआर-३ए च्या सुरुवातीच्या नगांत कापडी व नंतरच्या नगांत फेसाची वळी आढळते. टॅनॉयच्या १९७४ पासूनच्या मालिकेतही फेसच आहे. जेबीएलच्या १९७० मधील एल-१०० या लोकप्रिय ध्वनिक्षेपकाची कापडी वळी शाबूत राहते. त्याचे दर्शनी नारिंगी वा निळे फेसाचे आच्छादन मात्र चुरा होऊन खाली येते आणि अनभिज्ञ ग्राहक सारा ध्वनिक्षेपकच निकामी झाला असे समजतो.

दुसरा ऱ्हास डोळ्यांना दिसत नाही. नीच कंप्रता मोठ्या शंकूकडे व उच्च कंप्रता लहान घटकाकडे पाठविणाऱ्या विभाजक मंडलात बहुधा अध्रुवीय विद्युत् विच्छेदी धारित्रे असतात. काही दशकांनंतर त्यांतील द्रव सुकतो, धारकता बदलते आणि अंतर्गत रोध वाढतो. समजा, ८ ओहमच्या उच्च कंप्रता घटकाशी ४ मायक्रोफॅराडचे धारित्र एकसरीत जोडले आहे. तेव्हा विभाजनाची सीमा सु. ५,००० हर्ट्‌झ असते. धारकता वाढून ६ मायक्रोफॅराड झाली, तर सीमा सु. ३,३०० हर्ट्‌झपर्यंत खाली येते आणि नाजूक पटलावर त्याला न झेपणारी ऊर्जा येऊन पडते. घटक जळाला म्हणून नवा बसवावा व महिन्याभरात तोही जळावा, या नेहमीच्या तक्रारीमागे अनेकदा जुने धारित्र असते. एआरच्या ध्वनिक्षेपकांत मागील बाजूस असलेली पातळी-नियंत्रकेही गंजतात. त्यामुळे मध्यम व उच्च स्वर पूर्णपणे गायब होतात. घटक मात्र शाबूत असतात.

चुंबकाची झीज अल्प असते. १९७८ मध्ये झाईरमधील शाबा प्रांतातील संघर्षामुळे कोबाल्टचा पुरवठा अडखळून त्याची किंमत भडकली, तेव्हा कोबाल्टयुक्त ॲल्निको चुंबक सोडून बहुतेक उत्पादकांनी फेराइट चुंबक स्वीकारले. या खनिजाच्या बाजारातील घटनेतून ‘ॲल्निकोचा आवाज’ ही दंतकथा जन्मास आली असून त्या एका शब्दावर आजही किंमत वाढविली जाते. वस्तुतः चुंबक बदलताना वेटोळे, फट व शंकू हेही बहुधा बदलले गेले होते. आवाजातील फरकाचे श्रेय एकट्या चुंबकाला देणे कठीण आहे. जोराच्या आघाताने वा अतिप्रवाहाने ॲल्निको अंशतः दुर्बल होतो, पण योग्य साधनसामग्री असल्यास त्याचे पुन्हा चुंबकन करता येते.

खरेदीपूर्व परीक्षा : साध्या बहुमापकाने वेटोळ्याचा एकदिश रोध मोजावा. ८ ओहम संरोधाच्या घटकाचा तो सु. ५.५ ते ७ ओहम भरतो. अनंत रोध म्हणजे तुटलेली तार. शंकू बोटांनी सर्व बाजूंनी समान दाब देऊन हळूच आत ढकलावा. खरखर ऐकू आली तर वेटोळे फटीच्या भिंतीला घासत आहे असे समजावे. हवाबंद पेटीतील शंकू सोडल्यावर सावकाश परत यावयास हवा. तो झटकन परतला तर पेटी, जोड वा वळी कोठेतरी गळत आहे. दीड व्होल्टच्या विद्युत् घटाचे धन अग्र क्षणभर लाल खुंटीला लावले असता शंकू बाहेर येतो. जेबीएलचे जुने घटक याला अपवाद असून ते उलट आत जातात व त्यामुळे चांगल्या घटकाला सदोष ठरविण्याची चूक होते. ज्याचे परिचित ध्वनिमुद्रण असेल ते ऐकावे आणि प्रत्येक पेटी स्वतंत्रपणे ऐकावी, कारण दोन्ही एकदम वाजत असताना एकीतील मुका घटक सहज लक्षात येत नाही. लाकडाच्या भुशाच्या फळ्या पाणी शोषून तळाशी फुगतात. असे फुगलेले लाकूड पूर्ववत होत नाही.

दुरुस्ती : फेसाची वळी बदलणे हे धीराने करता येण्याजोगे काम आहे. जुना फेस व गोंद शंकूवरून अल्कोहॉलने पुसून काढतात, नवी वळी प्रथम शंकूला व नंतर चौकटीला चिकटवितात. कसोटी असते ती वेटोळे फटीच्या बरोबर मध्यावर ठेवण्याची. दोन्ही बाजूंची मोकळीक मिलिमीटरच्या अंशाएवढीच असते. त्यासाठी धूळ-टोपी काढून फटीत पातळ पट्ट्या सरकवितात किंवा गोंद ओला असताना सु. ३० हर्ट्‌झचा मंद स्वर देऊन शंकू मुक्तपणे हलतो की नाही हे पाहतात. टिकाऊपणाच्या मोहाने फेसाऐवजी रबराची जाड वळी बसविली, तर हलणारे वस्तुमान व ताठरता बदलून घटकाची अनुस्पंदन कंप्रता सरकते. नेव्हिल थील (१९६१) व रिचर्ड स्मॉल (१९७२–७३) यांनी ऑस्ट्रेलियात मांडलेल्या विश्लेषणानुसार पेटीचे आकारमान घटकाच्या याच गुणांवर ठरत असल्याने अशा दुरुस्तीनंतर घटक आणि पेटी यांचा मेळ सुटतो. दुरुस्ती टिकते, पण ध्वनिक्षेपक वेगळाच होऊन बसतो.

क्वाड ईएसएलची दुरुस्ती हौशी व्यक्तीने मुळीच हाती घेऊ नये. त्याच्या मंद्र भागाला सु. ६,००० व उच्च भागाला सु. १,५०० व्होल्ट विद्युत् दाब दिलेला असतो आणि विजेचा पुरवठा तोडल्यावरही भार काही काळ राहतो. पटलावर धूळ बसली की ठिणग्या उडतात. सामर्थ्यवान आधुनिक विवर्धक जोडल्याने उच्च कंप्रतेचे पटल जळणे हा त्याचा नेहमीचा अपघात होय.

सुधारणा : जुन्या धारित्रांच्या जागी प्लॅस्टिक पटलाची धारित्रे घालणे ही सर्वांत प्रचलित सुधारणा असून ती बहुधा हितकारक ठरते. तथापि नव्या धारित्राचा अंतर्गत रोध जवळजवळ नसल्याने उच्च स्वर टोचू लागतात. मूळ अभिकल्पकाने जुन्या धारित्राचा रोध हिशेबात धरलेला असल्यास एकसरीत ओहमच्या अंशाएवढा रोधक घालून तो भरून काढावा लागतो. ‘अधिक स्पष्ट’ आवाज मिळाला असे सांगणाऱ्यांनी पुष्कळदा केवळ अधिक मोठे उच्च स्वर मिळविलेले असतात. घटक बदलणे त्याहून धोक्याचे आहे. एलएस३/५ए मध्ये घटकांतील लहानसहान फरक विभाजक मंडलात जुळवून घेतलेले असतात. शिवाय १५ ओहमची मूळ आवृत्ती आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आलेली ११ ओहमची आवृत्ती यांची मंडले निराळी आहेत. एकीचा घटक दुसरीत घातला की जोडी तुटते. केइएफने हे घटक बनविणे नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस बंद केल्याने असा प्रयोग उलटविणेही महाग पडते. काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवावा, हा या क्षेत्रातील जाणत्यांचा नियम आहे.

विक्री : किंमत ठरते ती जोडीवर. लागोपाठ क्रमांकांच्या, न उघडलेल्या पेट्यांना अधिक भाव येतो. एकटी पेटी निम्म्या किंमतीलाही जात नाही. टॅनॉय, जेबीएल व वेस्टर्न इलेक्ट्रिक यांच्या जुन्या घटकांना जपानमध्ये मोठी मागणी असल्याने घटक काढून वेगळे विकण्याची प्रथा पडली आणि रिकाम्या पेट्यांत भलतेच घटक घालून त्या ‘मूळ’ म्हणून विकण्याचा धंदाही सुरू झाला. म्हणून दर्शनी कापडाखाली काय आहे हे पाहिल्याशिवाय सौदा करू नये. प्रामाणिक विक्रेत्याने वळी केव्हा बदलली, धारित्रे कोणती घातली हे लिहून द्यावे. त्याने किंमत घटत नाही, उलट विश्वास वाढतो. वाहतुकीत ध्वनिक्षेपक एकमेकांसमोर तोंड करून न ठेवता मध्ये जाड पुठ्ठा घालावा, अन्यथा जड चुंबकाच्या धक्क्याने घटक फळीतून निखळतो.

भारतातील स्थिती : १९९१ पूर्वीच्या आयात निर्बंधांमुळे परदेशी ध्वनिक्षेपक भारतात थोडेच आले व तेही बहुधा परदेशांतून परतणाऱ्यांच्या सामानातून. मध्यमवर्गीय घरांत मर्फी, फिलिप्स, एचएमव्ही यांचे रेडिओ व रेडिओग्राम असत. त्यांतील ध्वनिक्षेपक आता मुंबईच्या चोर बाजारात सुटे मिळतात. सुटे भाग व दुरुस्तीसाठी मुंबईत लॅमिंग्टन रस्ता व पुण्यात तपकीर गल्ली प्रसिद्ध आहेत. शंकू बदलण्याचे व वेटोळे भरण्याचे कसब येथे सार्वजनिक सभा व उत्सव यांच्या ध्वनिक्षेपकांवर जोपासले गेले. त्या कामासाठी मिळणारा जाड, ताठ कडेचा शंकू घरगुती घटकात बसविला, तर आवाज पूर्वीपेक्षा जोरदार वाटतो, पण मंद्र स्वर निघून जातात. तेव्हा कारागिराला घटक सोपविताना हलका शंकू व मऊ वळी मिळेपर्यंत थांबण्यास सांगणे आवश्यक असते. किनारपट्टीच्या दमट हवेत फेसाचे आयुष्य आणखी कमी होते आणि कागदी शंकूंना बुरशी लागते. पावसाळ्यात ध्वनिक्षेपक बाहेरच्या भिंतीला टेकवून न ठेवता वीतभर अंतरावर ठेवल्यास व आठवड्यातून एकदा तरी वाजविल्यास ते अधिक काळ टिकतात.