साखर कुठे कुठे गेली

"गाठ कुठल्या बाजूला आहे, मावशी?" सुई टोचण्याआधी सिस्टरांनी विचारलं. मावशी म्हणाली, "डाव्या." "मग उजवा हात पुढे करा."

मावशीला वाटलं, दुखऱ्या बाजूला आणखी त्रास नको म्हणून विचारलं असेल. कारण वेगळं होतं. टोचलेलं औषध शिरेबाहेर थोडं जरी झिरपलं, तरी ते त्याच हाताच्या काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचू शकतं आणि मग स्कॅनमध्ये त्या ग्रंथी चमकतात. डाव्या काखेत कॅन्सर पोचला आहे का, हेच तर शोधायचं होतं. तिथे आपल्याच हाताने खोटा उजेड पाडून कसं चालेल?

मावशीच्या पेट-सीटीला मी सोबत गेलो होतो. त्या दिवशी जे पाहिलं, डॉक्टरांना विचारलं आणि पुढे वाचून समजून घेतलं, ते इथे सांगतो. कारण रिपोर्ट हातात पडतो तेव्हा घाबरलेल्या घराला यातलं काहीच ठाऊक नसतं.

स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी बाहेर पडल्या, की बहुतेकदा आधी काखेतल्या ग्रंथींत अडकतात. रक्तावाटे गेल्या तर हाडं, फुप्फुसं, यकृत आणि मेंदू ही त्यांची नेहमीची ठिकाणं, आणि त्यांतही हाडं सर्वांत जास्त: मणके, कंबरेचं हाड, बरगड्या. साधा सीटी स्कॅन अवयवाचा आकार दाखवतो. पेट-सीटी त्याच्या जोडीला पेशींचं वागणं दाखवतो, त्या किती साखर खातात ते.

ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने 1920च्या दशकात दाखवलं होतं, की कॅन्सरच्या गाठी ग्लुकोज फार मोठ्या प्रमाणात वापरतात. स्कॅनचं औषध, म्हणजे एफडीजी, याच सवयीचा फायदा घेतं. ते जवळजवळ ग्लुकोजच आहे. फक्त त्याच्या एका जागी फ्लोरिन-18 हा किरणोत्सारी अणू बसवलेला असतो. पेशी ते साखर समजून आत घेते, पचवण्याची पहिली पायरी उरकते आणि तिथेच अडते. पुढे ते पचत नाही आणि सहज बाहेरही पडत नाही. म्हणून जी पेशी जास्त भुकेली, तिच्यात ते जास्त साठतं.

फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. त्यामुळे ते आणून फडताळात ठेवता येत नाही. सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनवायचं आणि त्याच दिवशी वापरायचं. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. स्कॅनची दिलेली वेळ का पाळायची, तेही यावरून कळतं. पेशंट दोन तास उशिरा आला, तर त्याच्यासाठी मोजून ठेवलेल्या औषधातलं अर्ध्याहून जास्त विरून गेलेलं असतं.

आता उजेड येतो कसा, ते पाहू. फ्लोरिनच्या अणूतून पॉझिट्रॉन हा कण बाहेर पडतो. जेमतेम मिलिमीटरभर जातो, तोच शेजारचा इलेक्ट्रॉन त्याला भेटतो आणि दोघंही नाहीसे होतात. त्या जागेवरून दोन गॅमा किरण निघतात, बरोबर विरुद्ध दिशांना. यंत्राच्या गोल कड्यात हजारो संवेदक बसवलेले असतात. समोरासमोरच्या दोन संवेदकांवर एकाच क्षणी किरण आदळले, की घटना त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी घडली, हे पक्कं होतं. अशा लाखो रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे साखर साठलेली आहे. पण नुसता पेट म्हणजे अंधारात दिसणारा दिवा. तो कुठल्या घरातला हे कळत नाही. ते घर त्याच टेबलावर काढलेला सीटी दाखवतो.

तयारीचे नियम पेशंटला जाचक वाटतात, पण प्रत्येकाला कारण आहे. सहा तास उपाशी राहायचं, कारण खाल्लं की इन्शुलिन वाढतं आणि औषध स्नायूंत शिरतं. रक्तातली साखर आधी तपासतात. ती फार चढलेली असेल तर खरी साखर आणि एफडीजी यांची पेशीच्या एकाच दारात रेटारेटी होते. म्हणून मधुमेह असेल तर गोळ्या-इन्शुलिनचं आधीच विचारून ठेवावं. आदल्या दिवशी दमणुकीचं काम नको. सुई टोचल्यावर तासभर शांत पडून राहायचं, बोलायचंही नाही, नाहीतर घशाचे स्नायू चमकतात. मावशीला हेच सर्वांत जड गेलं. तिला पायापासून गळ्यापर्यंत ब्लँकेट गुंडाळलं होतं. थंडी वाजली, की मानेजवळची आणि गळपट्टीच्या हाडामागची तपकिरी चरबी उष्णता निर्माण करण्यासाठी साखर जाळू लागते, आणि ज्या ग्रंथी तपासायच्या त्या तिथेच असतात.

रिपोर्टमध्ये प्रत्येक चमकणाऱ्या जागेपुढे एसयूव्ही असा आकडा असतो. औषध सगळ्या शरीरात सारखं पसरलं असतं तर जेवढं असतं, त्याच्या किती पट ते या जागी आहे, एवढाच त्याचा अर्थ. घरची माणसं मात्र तो आकडा परीक्षेच्या गुणांसारखा वाचतात. आम्हीही वाचला. स्तनातली गाठ आणि काखेतल्या दोन ग्रंथी अपेक्षित होत्या. त्याखाली एक ओळ होती: दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत एक ग्रंथी, तीही चमकणारी. ती कॅन्सरची असती, तर आजार चौथ्या टप्प्यात गेला असता. त्या रात्री घरात कोणी धड जेवलं नाही.

डॉक्टरांनी घाई केली नाही. दुर्बिणीतून सुई घालून त्या ग्रंथीचा तुकडा घेतला. निघाला टीबी. जंतूंशी लढणाऱ्या पेशीही साखर खातात, आणि यंत्राला खाणाऱ्याचं नाव कळत नाही. टीबी एवढा आढळणाऱ्या आपल्या देशात हे प्रत्येक पेशंटच्या घरी आधी सांगायला हवं. दंडात नुकतीच लस घेतली असेल, तरी त्या बाजूच्या काखेतल्या ग्रंथी चमकू शकतात. म्हणून शंका असली की बायोप्सी टाळू नये. कॅन्सर खरोखर पसरलेला असेल, तरी त्या तुकड्यावर हार्मोन आणि हर-टू रिसेप्टर पुन्हा तपासता येतात; ते मूळ गाठीपेक्षा बदललेले असू शकतात आणि औषध त्यावरून ठरतं.

उलट बाजूही आहे. मेंदू नेहमीच भरपूर साखर घेतो, त्यामुळे त्यातली लहान गाठ त्या झगमगाटात हरवते. तिथे एमआरआयच हवा. लोब्युलर प्रकारचा स्तनाचा कॅन्सर कधीकधी साखर कमीच खातो. अशांसाठी इस्ट्रोजेनसारख्या रेणूवर फ्लोरिन बसवलेलं औषध निघालं आहे. अमेरिकेत त्याला 2020 मध्ये मान्यता मिळाली. आणि काही मिलिमीटरचे ठिपके पेटला दिसतच नाहीत. काखेत कॅन्सर नाही असं स्कॅन म्हणालं, तरी गाठीतल्या पेशी जिथे आधी पोचतील ती पहिली ग्रंथी सर्जन काढून तपासतात, ते यासाठी.

हाडांसाठीचा जुना बोन स्कॅन अजूनही मोलाचा आहे. त्यातलं टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य सहा तासांनी निम्मं होतं आणि रुग्णालयात आणून ठेवलेल्या जनरेटरमधून रोज काढता येतं, त्यामुळे तो तुलनेने स्वस्त पडतो. तो कॅन्सर दाखवत नाही; हाड जिथे स्वतःची डागडुजी करतंय, ती जागा दाखवतो. झिजलेला गुडघा आणि जुना मोडलेला हातही त्यात उजळतो. उपचार लागू पडले, की पोखरलेलं हाड भरून येऊ लागतं आणि पहिले काही महिने तेच डाग आणखी गडद दिसू शकतात. बरं होत असताना चित्र बिघडल्यासारखं दिसतं! हे माहीत नसलेल्या घरात तो रिपोर्ट हाहाकार उडवतो. अशा वेळी दुखणं कमी झालंय का, सीटी काय म्हणतो, हे पाहून आणि थोडं थांबून पुन्हा स्कॅन करतात.

"एकदा सगळं स्कॅन करूनच टाका," असा आग्रह नातेवाईक धरतात. मला तो पटत नाही. गाठ लहान, काखेत काही नाही, दुसरी तक्रार नाही, अशा सुरुवातीच्या टप्प्यात पेट किंवा बोन स्कॅन सरसकट करू नये, असंच जगभरचे नियम सांगतात. पसरलेलं सापडण्याची शक्यता तिथे फार कमी असते आणि निष्पाप चमकांमागे धावण्यात उपचाराचे आठवडे जातात. गाठ मोठी असेल, काखेतल्या ग्रंथी बऱ्याच लागल्या असतील, हाड सतत दुखत असेल, दम लागत असेल, तेव्हा मात्र स्कॅन लांबवू नये.

स्कॅन झाल्यावर मावशीला भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि त्या दिवशी नातवाला मांडीवर घेऊ नका म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत औषधाचा शंभरावा हिस्साही उरत नाही. जाताना काउंटरवर सीडी दिली आणि बजावलं, पुढच्या वेळी ही आणायला विसरू नका, नुसता कागद नको. नव्या स्कॅनमधली प्रत्येक चमक आधीच्या चित्राशेजारी ठेवूनच वाचायची असते. ती सीडी मावशीने देव्हाऱ्याखालच्या खणात, रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.