वेगवान थरारकादंबरी आणि वाचकाची उत्कंठा



एखादी कादंबरी ‘खाली ठेववत नाही’ असे वाचक म्हणतो, तेव्हा तो वस्तुतः स्वतःच्या वाचनावस्थेचे वर्णन करीत असतो. ही अवस्था संहितेतील कोणत्या घटकांमुळे निर्माण होते, हे पाहणे अभ्यासकाचे काम होय. अशा कादंबऱ्यांना ‘रंजनप्रधान’ ठरवून अभ्यासाबाहेर ठेवण्याची प्रवृत्ती आढळते. परंतु वाचकाला रात्रभर जागे ठेवणारी रचना अभ्यासाला वर्ज्य मानण्याचे कारण नाही. येथे अमेरिकी लेखक जॉन ग्रिशॅम यांची ‘द फर्म’ (१९९१) ही कादंबरी आपण उदाहरण म्हणून घेऊ. ग्रिशॅम स्वतः वकिली केलेले लेखक आहेत. या कादंबरीने त्यांना जागतिक कीर्ती मिळवून दिली आणि १९९३ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला.

१. कथानक

गरिबीत वाढलेला मिच मॅकडिअर हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतो. मेम्फिस शहरातील एक वकिली पेढी त्याला भरघोस वेतन, नवी मोटार व अल्प व्याजाने गृहकर्ज देते. त्याचे शैक्षणिक कर्जही फेडते. पुढे उलगडते ते असे : पेढी शिकागोतील एका गुन्हेगार घराण्याच्या मालकीची असून त्यांचा काळा पैसा पांढरा करणे हा तिचा खरा व्यवसाय आहे. पेढी सोडू पाहणारे वकील ‘अपघाता’त मरण पावतात. दुसरीकडे, केंद्रीय तपासयंत्रणा मिचवर पुरावे देण्यासाठी दबाव आणते.

२. वेगाचे रहस्य

आखूड वाक्ये, संवादांचे प्राचुर्य आणि छोटी प्रकरणे यांमुळे वेग येतो, हे खरे. पण ही केवळ बाह्य साधने आहेत. खरा वेग माहितीच्या वाटपातून निर्माण होतो. मिचच्या घरात चोरून ऐकण्याची यंत्रे बसवलेली आहेत, हे वाचकाला मिचच्या आधी कळते. त्यामुळे पती-पत्नीचे साधे घरगुती बोलणेही वाचक धास्तावून वाचतो. प्रसंगात काहीच घडत नसते, तरी पान उलटण्याची घाई होते.

रहस्यकथेशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होईल. बाबूराव अर्नाळकरांनी मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना रहस्यकथेची गोडी लावली. रहस्यकथेत सामान्यतः गुन्हा घडून गेलेला असतो आणि वाचकाला गुप्तहेरापेक्षा कमी माहिती असते. ‘हे कोणी केले?’ हे तेथील कुतूहल होय. थरारकथेत वाचकाला अनेकदा नायकापेक्षा अधिक माहिती असते. ‘आता याचे काय होईल?’ ही तेथील उत्कंठा होय. कुतूहल भूतकाळाकडे वळते, तर उत्कंठा भविष्यकाळाकडे.

३. परिचित भय

या कादंबरीतील खलशक्ती कार्यालयाच्या रूपात वावरते. मोटार, घर, कर्जफेड अशी प्रत्येक देणगी म्हणजे बेडीची एकेक कडी ठरते. मासिक हप्त्यांसाठी नको असलेली नोकरी न सोडू शकणारा वाचक कोणत्याही देशातला असो, त्याला मिचची कोंडी ओळखीची वाटते. नोकरी सांभाळून शिक्षण घेणाऱ्या आपणांस हे वेगळे सांगावयास नको.

कथानक मेम्फिसहून केमन बेटांवर जाते, तेही केवळ निसर्गशोभेसाठी नव्हे. बँक व्यवहारांतील गुप्ततेसाठी ही बेटे प्रसिद्ध होती. पैसा सीमा सहज ओलांडतो, कायदा मात्र सीमेवर अडखळतो, हे आधुनिक वास्तव स्थळांच्या योजनेतूनच व्यक्त होते.

४. मर्यादा

वेगाची किंमतही असते. गौण पात्रे बहुधा कथानकाची गरज भागवण्यापुरतीच उभी राहतात. नैतिक प्रश्नही पुरता सोडवला जात नाही. मिच पेढीच्या पैशातील मोठी रक्कम घेऊन निसटतो आणि सुटकेच्या आनंदात वाचक त्याला जाब विचारावयास विसरतो. वाचकाची ही विस्मृती हेच वेगाचे सर्वांत मोठे सामर्थ्य आणि सर्वांत मोठा धोका होय.

समारोप

वाचकाचा उत्साह हा कादंबरीच्या श्रेष्ठतेचा पुरावा नव्हे. तसाच तो तिच्या हीनतेचाही नव्हे. प्रथम वाचनात उत्कंठेला मोकळे सोडावे. दुसऱ्या वाचनात, शेवट ठाऊक असताना काय उरते, ते तपासावे. जे उरते त्यावरून मूल्यमापन करावे.

स्वाध्याय

१. कुतूहल व उत्कंठा यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपण वाचलेल्या एखाद्या वेगवान कादंबरीतील एक प्रसंग निवडून, तेथे कोणाला किती माहिती आहे, याचे विवेचन करा.