सुट्टीतला एक दिवस, घरच्या मराठीत

आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडच्या घरांत हल्ली एक गोष्ट सर्रास दिसते. मुलं मराठी बोलतात, आजीशी भांडतातही मराठीत. पण हिशेब, घड्याळ, मोजमाप आलं की लगेच हिंदी नाहीतर इंग्रजीवर जातात. भाषा लाडापुरती उरते, कामाची राहत नाही. म्हणून सुट्टीत मराठीचा वेगळा तास लावण्यापेक्षा पहिली ते चौथीच्या मुलांबरोबर एक अख्खा दिवस घरातलीच कामं मराठीत करून पाहा.

सामान विकत आणायची गरज नाही. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर घडलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाड्यांचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पानं अशाच वस्तू मुलांच्या हाती दिल्या होत्या.

सकाळ पोह्यांची. माणशी एक वाटी, घरात सहा माणसं, तर पोहे किती? मुलांनाच मोजून काढू द्या. बाहेर सगळीकडे ‘पोहा’ ऐकून मूल ‘पोहा खाल्ला’ म्हणतं. आपल्याकडे पोहे अनेकवचनी: पोहे भिजवले, पोहे केले, पोहे संपले. व्याकरण सांगत बसू नका, तुम्हीच तसं बोला.

मग शेंगदाण्यांचा डबा काढा आणि दहा-दहाचे ढीग लावा. मराठी आकड्यांची खरी अडचण इथे कळते. सत्तावीस म्हणताना सात आधी येतो, लिहिताना दोन. मूल ७२ लिहितं ते निष्काळजीपणाने नव्हे, कानाला जे आधी ऐकू आलं ते आधी लिहितं. याच अडचणीवर उपाय म्हणून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला! माझं विचाराल तर घरी दोन्ही चालू द्या. दोन ढीग आणि वरचे सात दाखवत ‘वीस आणि सात’, लगेच पाठोपाठ ‘सत्तावीस’.

‘एकोण’ तर खाऊनच शिकवावा. तीस दाण्यांतला एक तोंडात टाकला की उरले एकोणतीस, एकाने कमी तीस. हिंदीतला ‘उनतीस’ही त्याच जातीचा. नव्वदीच्या उंबरठ्यावर मात्र दोघींच्या वाटा वेगळ्या: हिंदीत ‘नवासी’, मराठीत ‘एकोणनव्वद’. हा आकडा मोठ्यांनाही विचारा. बरेच बाबा ‘एटी नाईन’ म्हणून सुटका करून घेतात.

ऊन वर आलं की गच्चीवर एक काठी सरळ उभी करा. दोऱ्याला किल्ली बांधून ती काठीजवळ लोंबती धरली की काठी कललीय का ते दिसतं. दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा आणि लांबी वीत आणि बोटांत मोजा. (आईची वीत आणि मुलाची वीत वेगळी येते, त्यावर होणारा वाद होऊ द्या. फूटपट्टी का लागते हे त्यातूनच समजतं.) सगळ्यात आखूड सावली इंदुरात बाराला पडत नाही, साडेबाराच्या सुमारास पडते, कारण आपलं घड्याळ आपल्यापेक्षा बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे.

यात खरी गंमत भावंडांची. इंदूर कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास एका दुपारी सरळ काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. बडोदा, हैदराबादलाही वर्षातून दोनदा असा दिवस येतो. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे तो कधीच येत नाही. तिकडच्या मावसभावाला फोन लावून ‘तुझी सावली किती बोटं?’ हे मराठीत विचारायला लावा.

दुपारची झोप झाली की ‘ळ’. हिंदीच्या सवयीने केळं ‘केला’ होतं आणि काळा ‘काला’. केळं, फळा, खिळा, कुळीथ, डाळ असं घरात सापडेल ते गोळा करून प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवायची. सोबत दोन फसवे शब्द घ्या: हिंदीत ‘शिक्षा’ मिळाली तर आनंद, मराठीत मिळाली तर रडू, हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. मुलं असे शब्द विसरत नाहीत.

संध्याकाळी आजीला चार ओळींचं पत्र. किती वाट्या पोहे, सावली किती बोटं, कोणी किती दाणे खाल्ले. ऱ्हस्व-दीर्घ आज तपासू नका. पाकिटात घाला आणि पत्ताही त्यालाच लिहू द्या.