रिकामी दिसणारी लेन खरंच रिकामी असते का?

धाराशिवहून पुण्याला जाणारी एसटी बार्शी, टेंभुर्णी, इंदापूर करत हडपसरला पोचते. आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी पुणे पहिल्यांदा पाहिलं ते इथंच. आणि तिथून स्वारगेटपर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर संपता संपत नाहीत, हाही सगळ्यांचा अनुभव.

दिवाळीत गावी गेले तेव्हा मामांनी याच रस्त्याची जुनी तक्रार काढली. "आमची एसटी ट्रॅफिकमध्ये अडकलेली, अन् शेजारी बीआरटीची लेन मोकळी पडलेली. सोडायच्या की गाड्या तिच्यातनं! हेच शिकतीस का तू तिकडं?"

माझ्या पीएचडीचा विषय शहरी वाहतूक नियोजन, त्यामुळे टोमणा बरोबर लागला. पण प्रश्न चांगला आहे. बीआरटीचा नवा मार्ग आखताना पहिला वाद याच प्रश्नावर होतो.

बीआरटी म्हणजे बस रॅपिड ट्रान्झिट. बससाठी वेगळी लेन, मेट्रोसारखी स्टेशनं आणि ठराविक मिनिटांनी येणारी बस. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरानं 1974 मध्ये बससाठी स्वतंत्र मार्ग केले, तिथून ही कल्पना जगभर गेली. आपल्या देशातला एक सुरुवातीचा प्रयोग 2006 च्या डिसेंबरमध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरू झाला. म्हणजे मामांचाच रस्ता!

गाड्या नाही, माणसं मोजा

आता हिशोब करू. समजा, एका साध्या लेनमधून कार, दुचाकी, रिक्षा मिळून तासाला 1,800 माणसं जातात. (पुण्यात दुचाकी भरपूर, म्हणून आकडा सढळ हातानं धरलाय.) शेजारच्या बस लेनमधून दर मिनिटाला एक बस जाते आणि प्रत्येकीत 60 माणसं आहेत. तासाला झाली 3,600 माणसं. दुप्पट!

पण ही लेन दिसते कशी? ताशी 30 किलोमीटर वेगानं बस मिनिटाला 500 मीटर जाते. म्हणजे दोन बसमध्ये अर्धा किलोमीटर मोकळा रस्ता. दुप्पट माणसं नेणारी लेन शेजारी अडकलेल्या माणसाला जवळजवळ सारा वेळ रिकामीच दिसणार.

मग मामा चुकले का? पूर्ण नाही. त्याच लेनमधून दहा मिनिटांनी एक बस आली, तर तासाला सहा बस, 360 माणसं. ही लेन खरोखरच वाया चालली आहे. आपल्या उदाहरणात बरोबरी होते तासाला 30 बसवर, म्हणजे दर दोन मिनिटांना एक भरलेली बस. म्हणून नियोजनाचा पहिला प्रश्न 'रस्ता किती रुंद आहे' हा नसतो. 'इथं दर दोन मिनिटांना बस देणार आहात का' हा असतो. काँक्रीट एकदाच ओतायचं असतं, पण बस, ड्रायव्हर आणि डिझेलची सोय रोज करावी लागते.

वेळ जातो कुठे?

लेन मिळाली की बस पळेल असं वाटतं. पण शहरात बसचा बराच वेळ थांबण्यातच जातो, आणि ती थांबते मुख्यतः दोन ठिकाणी.

एक, थांब्यावर. आपल्या एसटी स्टँडवरचं दृश्य आठवा: अरुंद दार, उंच पायऱ्या, उतरणारे आणि चढणारे एकाच वेळी दारात, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं चालू. एका माणसाला चढायला तीन सेकंद लागले, तर वीस जणांना पूर्ण मिनिट. फलाट बसच्या तळाइतका उंच केला, तिकीट आधीच काढून घेतलं आणि दार रुंद केलं, तर माणशी एक सेकंद पुरतो. मिनिटाचे वीस सेकंद झाले. काठी टेकत येणाऱ्या आजींना पायरी चढावी लागत नाही, हा त्याहून मोठा फायदा.

दोन, सिग्नलला. समजा 120 सेकंदांच्या फेरीत बसला 30 सेकंद हिरवा मिळतो. चारपैकी तीन बस लालमध्ये सापडणार आणि सरासरी 45 सेकंद थांबणार. हिरव्यात सुटणारी चौथी धरली, तर दर बसमागे साधारण 34 सेकंद. दहा चौकांचे साडेपाच मिनिटांहून जास्त. उजवीकडचं वळण बंद करून फेरी 80 सेकंदांवर आणली, तर हेच 16 सेकंदांच्या आत येतं. दहा चौकांत तीन मिनिटं वाचली, तीही रस्ता एक फूटही न वाढवता. मात्र वळण बंद झालं की त्या चौकातला दुकानदार आणि रिक्षावाला चिडणार. त्यांच्याशी आधी बोलणं हाही नियोजनाचाच भाग आहे.

साखळी कुठे तुटते?

पुण्याच्या पहिल्या मार्गाची मोठी अडचण म्हणजे तो सलग नव्हता. मधेच लेन संपायची, बस गर्दीत शिरायची, आणि बसच्या लेनमध्ये खाजगी गाड्या शिरायच्या. मोकळ्या रस्त्यावर लेन आणि कोंडीच्या चौकात नाही, हे म्हणजे ऊन नसताना छत्री! अहमदाबादनं 2009 मध्ये 'जनमार्ग' सुरू करताना लेन, स्टेशन, बस आणि तिकीट यांचा एकत्र विचार केला, आणि जाळं टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलं. दिल्लीचा 2008 चा मार्ग जेमतेम सहा किलोमीटरचा राहिला आणि शेवटी उखडला गेला. पुण्यानं 2015 पासून 'रेनबो बीआरटी' नावानं नवे मार्ग सुरू केले, पण त्यातल्या नगर रस्त्यावरचा काही भाग पुढे काढून टाकला.

मामांना मी एवढंच म्हटलं, "मामा, पुढच्या वेळी अशी लेन दिसली की घड्याळ लावा. दोन मिनिटांत बस आली, अन् भरलेली असली, तर लेन राहू द्या. दहा मिनिटं आलीच नाही, तर भांडा. पण 'गाड्या सोडा' म्हणून नका भांडू, 'बस सोडा' म्हणून भांडा."

मामा हसले. "म्हणजे भांडायचं तर हायेच की!"

हो, ते आहेच. आपल्या तालुक्यांतून कामासाठी गेलेली किती पोरं त्या बसला लोंबकळत जातात, ते मामांनाही माहीत आहे.