मेंदूंतील फुगा आणि जाळीची नळी

शिरूर व दौंड हीं दोन गांवें एकाच जिल्ह्यांतलीं व शेजारच्या तालुक्यांचीं. परंतु एक घोडनदीच्या कांठीं नगरच्या रस्त्यावर वसलेलें, आणि दुसरें भीमेच्या कांठीं आगगाडीच्या जंक्शनाभोंवतीं वाढलेलें. आमचें घर शिरुरास आहे, आणि आमच्या आत्याबाई दौंडास दिलेल्या. दोन वर्षांपूर्वीं चैत्रांत त्यांच्याकडील हळदीकुंकवास आम्ही सहकुटुंब गेलों होतों. आत्याबाईंनीं पन्ह्याचा पेला आमच्यापुढें केला, तो आमच्या हातापासून चांगला वीतभर बाजूला. मुलें हांसलीं. आत्याबाईही हांसल्या व म्हणाल्या, "अरे, हल्लीं तूं मला दोन दोन दिसतोस. एक होतास तोच पुरे होता!"

त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्यांच्या चष्म्याचा नंबर दोनदां बदलण्यांत आला. मोतीबिंदु असेल असें कोणी म्हणालें. साखर वाढली असेल असें दुसऱ्यानें सांगितलें. अखेर दौंडांतील एका वृद्ध डॉक्टरांनीं चष्मा बाजूस ठेवून त्यांस नुसते डोळे फिरवावयास सांगितलें. डावा डोळा कानाकडे वळेना, आणि त्याची पापणीही किंचित् खालीं उतरली होती. "हें डोळ्याचें दुखणें नव्हे," ते म्हणाले, "आजच्या आज यांना पुण्यास न्या." पुण्यास एम. आर. आय. काढला, तेव्हां डाव्या डोळ्याच्या मागें, कवटीच्या तळाशीं, मेंदूस रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीला १८ मिलिमीटरांचा फुगा आलेला दिसला. डोळा फिरविणाऱ्या मज्जातंतूंवर तो दाब देत होता.

ह्या विकारास डॉक्टर 'अ‍ॅन्युरिझम' म्हणतात. सायकलच्या जुन्या ट्यूबला एके ठिकाणीं रबर झिजून टेंगूळ येतें, तशीच ही गोष्ट. धमनीची भिंत एखाद्या जागीं दुबळी होते, आणि रक्ताच्या दाबानें तेथें पिशवी तयार होते. मोठ्या माणसांत शंभरांत सुमारें तिघांच्या मेंदूंत असा एखादा फुगा असतो, व त्यांतील बहुतेकांस त्याची जन्मभर वार्ताही नसते. पुरुषांपेक्षां स्त्रियांत तो अधिक आढळतो. विडी-सिगारेट व वाढलेला रक्तदाब हे त्याचे मोठे मित्र. एकाच घरांत आईबाप-भावंडांपैकीं दोघांस असा फुगा निघाला, तर इतरांनींही तपासून घ्यावें असें तज्ज्ञ सांगतात.

तो फुटला मात्र, तर प्रसंग निराळा. आयुष्यांत कधीं झाली नाहीं अशी डोकेदुखी एका क्षणांत उठते, उलटी होते, मान ताठते, कधीं शुद्धही हरपते. आणि सुमारें तिघांत एक रोगी दगावतो. अशा वेळीं आमच्या घरांतून सुंठीचा लेप उगाळला जातो, हें आम्ही जाणून आहों. लेप राहूं द्यावा. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी व जेथें सी. टी. स्कॅन होतें अशाच रुग्णालयांत जावें.

आत्याबाईंचा फुगा फुटलेला नव्हता. परंतु त्याचा कांहीं भाग मेंदूच्या आवरणाच्या आंत पोंचला असल्यानें तो फुटून रक्त मेंदूभोंवतीं पसरण्याचें भय होतें. त्या रात्रीं दौंडच्या ओसरीवर सगळी मंडळी बसली. काकांचें म्हणणें, देवानें एकसष्ट वर्षें नेलीं, आतां डोक्याला हात लावूं नये. थोरले दादा म्हणाले, लावावयाचा तर मुंबईसच लावावा. दोघांचेंही भय खोटें नव्हतें.

उपायांचा इतिहास असा. १९२७ सालीं लिस्बन येथें एगाश मोनिझ यांनीं जिवंत माणसाच्या मेंदूंतील रक्तवाहिन्या क्ष-किरणांनीं प्रथम दाखविल्या. १९३७ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी यांनीं कवटी उघडून फुग्याच्या मानेस चिमटा लाविला, तीच 'क्लिप'. आपल्या देशांत वेल्लोरास जेकब चांडी यांनीं १९४९ सालीं मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला, आणि हें काम येथेंही होऊं लागलें. १९९० सालीं लॉस एंजेलिस येथें इटालियन डॉक्टर ग्विदो ग्वील्येल्मी यांनीं कवटी न उघडतां, रक्तवाहिनींतूनच बारीक नळी नेऊन, फुग्यांत प्लॅटिनमच्या तारेचीं वेटोळीं भरलीं. परंतु आत्याबाईंचा फुगा मोठा, त्याची मान रुंद, आणि जागा हाडांत दडलेली. तेथें चिमटा लावणें कठीण. आणि रुंद मानेंतून तारेचीं वेटोळीं बाहेर घसरतात, किंवा कालांतरानें दबून फुगा पुन्हां भरतो.

अशाच फुग्यांसाठीं निघालेली युक्ति म्हणजे 'फ्लो डायव्हर्टर', प्रवाह वळविणारी जाळीची नळी. 'पाइपलाइन' नांवाच्या अशा नळीस २०११ सालीं अमेरिकेंत परवानगी मिळाली. ती ४८ अतिसूक्ष्म तारांची विणलेली असते. ३६ कोबाल्ट-क्रोमियमच्या, १२ प्लॅटिनम-टंगस्टनच्या. ती फुग्यांत शिरतच नाहीं. मूळ धमनींत, फुग्याच्या तोंडावरून आडवी बसते. तिच्या पृष्ठभागाचा सुमारें तिसरा हिस्सा धातूचा, बाकी भोकेंच.

भोकें असूनही रक्त फुग्यांत जात नाहीं, आणि त्याच जाळीखालीं सांपडलेल्या बारीक शाखांस मात्र तें मिळत राहतें, हें कसें? आम्हीं तीनदां विचारलें. चौथ्यांदां डॉक्टरांनीं विचारलें, "तुम्ही दौंडचे ना? कालवा पाहिला आहे?" खडकवासल्याहून येणारा कालवा दौंड तालुक्यांतून पुढें इंदापुराकडे जातो. डॉक्टर म्हणाले, कालव्याच्या कडेस एक डबकें आहे आणि एक चारीही फुटली आहे असें समजा. दोहोंच्या तोंडांवर तट्टी बांधली, तर चारींतून पाणी वाहतच राहील, कारण पुढें शेत तें ओढून घेतें आहे. डबक्यास पुढें वाटच नाहीं; त्यांतला भोवरा थांबेल, पाणी निवळेल, गाळ बसेल. शाखेपुढें मेंदूचा भाग रक्त ओढीत असतो. फुग्यापुढें कांहींच नसतें. म्हणून फुग्यांतलें रक्त संथ होऊन गोठतें, आणि महिन्यांनीं जाळीवर धमनीचें नवें अस्तर चढून तें तोंड कायमचें बुजतें.

काकांस हें पटलें. पण धोक्याचा आकडा काय, हें आत्याबाईंनीं स्वतः विचारलें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील मुख्य पाहणींत १०६ मोठ्या फुग्यांपैकीं ७८ सहा महिन्यांत पूर्णपणें बंद झाले होते. आणि १०७ रोग्यांपैकीं सहांस मोठा पक्षाघात झाला किंवा मेंदूच्या कारणानें मृत्यु आला. डॉक्टरांनीं हे सहा लपविले नाहींत, याचें आम्हांस आजही बरें वाटतें. लहान, न फुटलेला, त्रास न देणारा फुगा असता तर आपण नुसतें पाहत राहण्यास सांगितलें असतें, असेंही ते म्हणाले. आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दोन दोन माणसें पाहत जगण्यापेक्षां हें बरें. करा."

खर्च कांहीं लाखांचा. हृदयांतील स्टेंटच्या किमतीवर केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०१७ मध्यें मर्यादा घातली, पण मेंदूंतील ही जाळी त्या आदेशांत नव्हती. दौंडच्या मंडळींनीं उसाचें बिल व एक मुदतठेव मोडली. शिरूरकरांनीं आपला वांटा उचलला. सरकारी आरोग्य योजनेंत कोणत्या उपचारास किती साहाय्य मिळतें, तें रुग्णालयांतील आरोग्यमित्रास आधींच विचारून घ्यावें. आम्हीं तें उशीरां विचारलें.

प्रत्यक्ष काम दोन-अडीच तासांत आटोपलें. पूर्ण भूल देऊन, जांघेंतील धमनींतून नळी मानेपर्यंत व तिच्यांतून केसासारखी दुसरी नळी फुग्याच्या पुढें नेली, आणि तेथें मिटलेली जाळी हळूहळू उलगडीत मागें आणली. कवटीस टांका नाहीं. पुढच्या दिवशीं आत्याबाईंनीं चहा मागितला आणि तो फिका असल्याची तक्रार केली.

खरी कसोटी पुढें होती, व ती घरच्यांची. धातूच्या जाळीवर रक्त गोठूं नये म्हणून अ‍ॅस्पिरिन व तिच्या जोडीस दुसरी एक गोळी आधींपासूनच सुरू करावी लागते; दोन्ही कित्येक महिने, आणि अ‍ॅस्पिरिन त्याहूनही पुढें. ह्याच कारणासाठीं फुटलेल्या फुग्यांत ही नळी सहसा वापरीत नाहींत. तेथें रक्त पातळ करणें म्हणजे वाहत्या जखमेस वाट देणें. गोळी एकादशीस चुकवावयाची नाहीं, लग्नाच्या गडबडींत चुकवावयाची नाहीं. धाकट्या सूनबाईंनीं देवघरांतील दिनदर्शिकेवर रोज खूण करण्याचा नेम धरला.

चौथ्या महिन्यांत आत्याबाईंची दाढ ठणकूं लागली. दंतवैद्यांनीं नेहमींप्रमाणें सांगितलें, "रक्त पातळ होण्याच्या गोळ्या पांच दिवस बंद ठेवा, मग काढूं." घरांत सर्वांस तें रास्त वाटलें. सूनबाईंनीं मात्र आधीं पुण्यास फोन केला. तिकडून उत्तर आलें, एक दिवसही बंद करूं नका. जाळी गोठली तर पक्षाघात होईल. दाढ तीन महिने औषधांवर थोपवून धरली, आणि दुसरी गोळी पुण्याच्या सल्ल्यानें थांबल्यावरच काढली. तेव्हांपासून आत्याबाईंच्या बटव्यांत जाळीचें नांव व पुण्याचा दूरध्वनि लिहिलेला कागद असतो.

वर्षानें पुन्हां चित्रण केलें. फुगा बुजला आहे, त्याचा आकारही आटला आहे. पापणी वर आली. समोर पाहतांना आतां एकच माणूस दिसतें. अगदीं डावीकडे पाहिलें तर अजून थोडें दुहेरी दिसतें, म्हणून स्टेशनाजवळचा रस्ता ओलांडतांना आत्याबाई डोळे न फिरवितां सगळी मान वळवून पाहतात.