मण्यांचे फूल आणि काढून घेतलेला दोरा

रुखवतात मांडलेल्या मण्यांच्या गुलाबाचे आपण कौतुक करतो आणि ‘हौसेचे काम’ म्हणून पुढच्या ताटाकडे वळतो. युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकात अशा फुलांना दफनभूमीत मानाची जागा होती आणि मणी ओवण्यावर हजारो बायकांच्या चुली पेटत होत्या. या फुलांचा इतिहास मी वाचू लागले ती मण्यांच्या ओढीने. पण लक्ष हळूहळू मणी सांभाळणाऱ्या तारेकडे आणि दोऱ्याकडे वळले.

आधी मणी. व्हेनिस शहरातील काचेच्या भट्ट्या आगीच्या भीतीने १२९१ साली जवळच्या मुरानो बेटावर हलवण्यात आल्या. तिथे पुढे बारीक मण्यांचा मोठा धंदा उभा राहिला. वितळलेल्या काचेच्या गोळ्यात पोकळी करायची, त्याच्या दोन टोकांना सळ्या लावायच्या आणि दोघांनी विरुद्ध दिशांना झपझप चालत जायचे. मध्ये काचेची लांब, बारीक नळी ओढली जाते. भोक शेवटपर्यंत कायम राहते. नळीचे तुकडे केले, भोके बुजू नयेत म्हणून त्यांत कोळसा आणि चुन्याची पूड भरली आणि तापवत फिरवले, की धारदार कडा गोल होतात. नळी ओढून मणी करण्याची विद्या आपल्याकडे पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

हे मणी जगभर जात ते ओवलेल्या सरांच्या जुड्या बांधून. ओवणाऱ्या बायकांना व्हेनिसच्या बोलीत ‘इंपिरारेसे’ म्हणत. गल्लीत दारापुढे बसून, मांडीवर मण्यांनी भरलेले लाकडी ताट घेऊन, डझनावारी लांब सुया पंख्यासारख्या एका हातात धरून त्या मण्यांच्या राशीत खुपसत. मजुरी नगावर, तीही मध्यस्थ बाईच्या हातून आणि तुटपुंजी. १९०४ साली त्यांनी संप केला. जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराने १८८०च्या सुमारास त्यांना चित्रात आणले. पण त्या चित्रांतही त्या बिननावाच्याच आहेत.

आता फूल. आज जगभर ‘फ्रेंच’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत अशी : ओवलेल्या सरातून बारीक तार सारायची आणि दोरा अलगद काढून घ्यायचा. मणी तारेवर येतात, तार रिळालाच राहते. तारेच्या टोकाशी पाच मणी ठेवायचे; हा पाकळीचा कणा. त्याखाली तारेचा फास करायचा. मग मण्यांची ओळ कण्याच्या डाव्या अंगाने वर न्यायची, वरच्या मोकळ्या तारेला एक वेढा द्यायचा, उजव्या अंगाने खाली आणून खालीही वेढा द्यायचा. वेढा कण्याशी काटकोनात दिला तर पाकळीचे टोक गोल येते, तिरका दिला तर टोकदार. गुलाबाला पहिला, पानाला दुसरा. नऊ ओळींच्या एका पाकळीला शंभराच्या आसपास मणी लागतात. बारा पाकळ्यांचे फूल हजार मणी सहज गिळते. मोठे पान लवते म्हणून त्याच्या ओळी मधोमध आडव्या तारेने टाचतात. शेवटी पाकळ्यांचे देठ एकत्र पिळून रेशमी धाग्याने झाकतात.

फ्रान्समध्ये अशा फुलापानांची वर्तुळे करून ती थडग्यांवर ठेवत. काळे, पांढरे, जांभळे मणी. मध्ये ‘आमच्या आईस’ किंवा ‘चिरंतन शोक’ अशी मण्यांतलीच अक्षरे. ताजे फूल चार दिवसांत सुकते, काच ऊनपावसाला दाद देत नाही, हा त्यामागचा हिशेब. तो अर्धाच खरा ठरला. काच टिकली, पण आतली लोखंडी तार गंजली आणि पाकळ्या सुट्या होऊन मणी मातीत मिसळले. पुढे चिनी मातीची आणि प्लास्टिकची फुले आली, मागणी ओसरली. घरगुती छंद म्हणून ही कला अमेरिकेत पुन्हा बहरली. व्हर्जिनिया नॅथनसन यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने अनेकींना ती शिकवली.

मला यात एक गोष्ट ठळक दिसते. फूल जोडणारीने दोरा काढून घेतला, की ओवणारीच्या श्रमाची शेवटची खूणही जाते. मागे उरतात रंग आणि ‘किती सुंदर!’ हा उद्गार. आपल्याकडची मण्यांची तोरणे, महिरपी, रुखवतातले गुलाब यांचेही तेच होते; वस्तू पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते, करणारीचे नाव दोन पिढ्यांत पुसले जाते. म्हणून माझी सूचना साधी आहे. घरात असे जुने काम असेल तर ओलाव्यापासून जपा, तार गंजली असेल तर तांब्याच्या तारेवर पुन्हा ओवून घ्या. आणि ते कुणी, कधी, कुणासाठी केले, हे सांगणारे कुणी घरात असेल तोवर विचारून एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याजवळ ठेवा.