जागा तीन, दावेदार अनेक

क्रिकेटवेड्या घरात बेसबॉल बघणारी मी एकटीच! पण खरं सांगू? मला मुख्य मोसमापेक्षा फेब्रुवारी-मार्चमधल्या सरावाचीच जास्त ओढ. मेजर लीगचे ३० संघ तेव्हा फ्लोरिडा आणि ॲरिझोनात तळ ठोकतात. सामने होतात, पण ते गुणतक्त्यात धरत नाहीत. पारखली जातात ती माणसं.

आऊटफिल्ड म्हणजे मैदानाची मागची बाजू. तिथे जागा तीनच : लेफ्ट, सेंटर, राइट. सेंटरवाल्याला सगळ्यात जास्त पळावं लागतं. राइटवाल्याचा हात दणकट हवा, कारण तिसऱ्या बेसपर्यंतची फेक लांबची.

२०१२ मधली एंजल्स संघाची गोष्ट बघा. लेफ्टला व्हर्नन वेल्स, सेंटरला पीटर बोर्जस, राइटला टोरी हंटर. शिवाय ३८ वर्षांचा अनुभवी बॉबी अब्रेयू. २० वर्षांचा माईक ट्राऊट नेमका सरावात आजारी पडला आणि त्याची रवानगी खालच्या संघात झाली. एप्रिलअखेर अब्रेयूला निरोप मिळाला, ट्राऊटला बोलावणं आलं. त्या मोसमात त्याने ३० होमरन मारले, ४९ वेळा बेस 'चोरला' आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

सगळे ट्राऊटचं कौतुक करतात. मला अब्रेयूही आठवतो. एकाला जागा मिळते, तेव्हा दुसऱ्याला सामान आवरावं लागतं. म्हणूनच मैत्रिणींनो, मार्चचे आकडे बघून कुणाला डोक्यावर घेऊ नये आणि मोडीतही काढू नये. महिनाभराच्या परीक्षेत माणूस थोडाच कळतो?